सांधा कोणाच्या जबाबदारीत?



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते संरचना शिकवत. नकाशा समोर आला की तुळई किती जाडीची आहे हे ते आधी विचारत नसत. ती कॉलमला कुठे आणि कशी मिळते, हे विचारत. आजचा विषय त्यांना रुचला असता असं मी म्हणणार नाही, कारण कारखान्यात तयार होणाऱ्या घरांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. पण प्रश्न त्यांचाच आहे: जे मॉड्युलर बांधकाम आज सगळीकडे वाजतगाजत येतंय, ते भूकंप, वादळ, आग, स्फोट यांच्यापुढे किती भरवशाचं? आणि तडाखा बसलाच, तर ते किती लवकर सावरतं?

सुरुवात एका वादळापासून करतो. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे ‘अँड्र्यू’ नावाचं चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला धडकलं. होमस्टेड या गावात १,१७६ मोबाइल होम होती, म्हणजे कारखान्यात बनवून चाकांवर ओढत आणलेली आणि जागेवर टेकवलेली घरं. त्यांपैकी १,१६७ पार नष्ट झाली. उरली ९. एवढंच ऐकलं तर कोणीही म्हणेल, कारखान्यातलं घर म्हणजे पत्र्याचा डबा. पण वादळानंतर अमेरिकी केंद्र सरकारच्या ‘फेमा’ या आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं पाहणी पथक पाठवलं आणि त्या पथकाच्या अहवालात एक नोंद आहे, जिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष गेलं नाही. कारखान्यातच बनलेल्या खोल्या पक्क्या पायावर एकमेकींना जोडून उभ्या केलेल्या मॉड्युलर वसाहतींचं संरचनात्मक नुकसान तुलनेनं किरकोळ होतं. खोलीला खोली बांधली गेल्यानं सगळी रचनाच ताठ झाली होती. साइटवर सुतारांनी ठोकलेल्या कितीतरी लाकडी घरांची छपरं मात्र उडाली होती, कारण प्लायवूडचे तक्ते खालच्या वाशांना नीट ठोकलेच नव्हते.

वारा तोच; मोबाइल होम आणि मॉड्युलर घर, दोन्ही कारखान्यातली. फरक होता तो घर जमिनीला आणि शेजारच्या खोलीला कसं बांधलंय याचा. १९९४ मध्ये मोबाइल होमसाठी वाऱ्याचे नियम कडक झाले, आणि २००४ साली ‘चार्ली’ वादळ आलं तेव्हा नव्या नियमांची घरं जुन्यांपेक्षा स्पष्टपणे बरी टिकली. म्हणजे ‘कारखान्यातलं की साइटवरचं’ हा वादच चुकीच्या जागी घातला जातो.

थोडं स्पष्ट करतो, कारण ‘मॉड्युलर’ हा शब्द हल्ली स्वयंपाकघरापासून शाळेच्या वर्गापर्यंत कशालाही लावतात. एक प्रकार प्रीकास्टचा: भिंती, स्लॅब, कॉलम कारखान्यात ओतायचे, ट्रेलरवरून आणायचे आणि क्रेननं उभे करून साइटवर सांधायचे. नवी मुंबईत बामणडोंगरीला सिडकोनं २०२२ मध्ये १२ मजल्यांची, ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत उभी केली, ती याच पद्धतीची. दुसरा प्रकार म्हणजे आख्खी खोलीच कारखान्यात करायची. रांचीला केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पात १,००८ घरं अशा ओतलेल्या खोल्या एकमेकींवर रचून केली. वुहानचं हुओशेनशान रुग्णालय आपण सगळ्यांनी २०२० च्या सुरुवातीला टीव्हीवर पाहिलं. १,००० खाटा, साधारण १० दिवस. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला ४४ मजली मॉड्युलर मनोरा आहे. त्याचं कौतुक करताना एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही: वाऱ्याचा आडवा जोर घेणारा त्याचा काँक्रीटचा गाभा जुन्याच पद्धतीनं, साइटवर ओतलेला आहे. खोल्या त्या गाभ्याला धरून उभ्या आहेत. माझ्या मते हा शहाणपणाच आहे; फक्त तो जाहिरातीत यावा.

आता लंडनच्याच दुसऱ्या इमारतीकडे येतो, आणि तिथं जरा थांबतो. पूर्व लंडनमधल्या न्यूहॅम भागात रोनन पॉइंट नावाचा २२ मजली मनोरा होता. महायुद्धानंतरच्या घरटंचाईत ब्रिटननं प्रीकास्टचा धडाका लावला, त्यातलीच ही इमारत. पद्धत डेन्मार्कहून आलेली आणि मुळात सहा मजल्यांपर्यंतच्या इमारतींसाठी आखलेली. सांगाडा नव्हताच, भिंतीची पॅनेलंच वरचा भार घेत, आणि पॅनेलवर स्लॅब, स्लॅबवर पॅनेल असं वर चढत गेलेलं. मार्च १९६८ मध्ये रहिवासी आले. १६ मे १९६८ च्या पहाटे १८ व्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. गॅसच्या नळीचा पितळी नट सदोष होता, खोलीत गॅस साचला होता. स्फोट झाला. तो काही मोठा नव्हता. त्या बाई वाचल्या, त्यांच्या कानाचे पडदेही शाबूत राहिले. पण भिंतीचं पॅनेल बाहेर ढकललं गेलं. वरच्या चार मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले, आणि त्यांच्या भारानं तो आख्खा कोपरा जमिनीपर्यंत कोसळत गेला. चार माणसं गेली, १७ जखमी झाली. पहाटेची वेळ होती, लोक झोपण्याच्या खोल्यांमध्ये होते आणि पडल्या त्या बहुतेक बैठकीच्या खोल्या, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला.

पत्त्यांचा बंगला हा शब्द तेव्हा इंग्रजांच्याही तोंडी आला. चौकशी समिती बसली, नियम बदलले. इमारतीच्या भिंतीनं किंवा कॉलमनं प्रत्येक चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन दाब सोसावा, नाहीतर तो घटक गेला तरी बाकीची इमारत उभी राहील असं दाखवावं, हा दंडक तिथून आला आणि आजही युरोपात तो वापरात आहे. एका जागची इजा सगळ्या इमारतीत पसरू द्यायची नाही, ही कल्पना संरचनाशास्त्रात नियम म्हणून रुजली ती या चार मृत्यूंनंतर.

पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट पुढची आहे. रोनन पॉइंटची डागडुजी करून लोक परत राहायला आले आणि जवळजवळ दीड तप राहिले. १९८६ मध्ये ती पाडली तेव्हा ती नेहमीसारखी ठोकून न पाडता मजल्यामागून मजला उलगडत उतरवली, म्हणजे आत काय आहे ते कळावं. भिंत आणि स्लॅब यांच्यामधल्या सांध्यात मसाला ठासून भरलेला असायला हवा होता. कितीतरी ठिकाणी पोकळी होती. काही सांध्यांत वर्तमानपत्राचे बोळे आणि सिगारेटची थोटकं निघाली. पॅनेलं चांगली होती. कारखान्यात त्यांचं काम झालं होतं, तपासणी झाली होती. पावसाळी थंडीत, दोरीला लटकत, ठेकेदाराच्या घाईत जो सांधा भरायचा होता, तो कोणाच्याच जबाबदारीत नव्हता.

इथं विश्वासार्हतेच्या हिशेबाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. इमारत ‘सुरक्षित’ असं आम्ही अभियंते म्हणतो तेव्हा त्यामागे एक शक्यता असते. युरोपच्या संहितेत साध्या राहत्या इमारतीसाठी ५० वर्षांत संरचना निकामी होण्याची शक्यता साधारण लाखात सात इतकी धरली आहे. भार किती अनिश्चित, काँक्रीट आणि पोलाद किती अनिश्चित, यांचा मेळ घालून हा आकडा येतो. मोठ्या भूकंपाच्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा असतो. अमुक इतकी जमीन हलली तर अमुक प्रमाणात नुकसान होण्याची शक्यता किती, असा आलेख काढतात. हे सगळं गणित चोख आहे. फक्त लाखात सात या आकड्यात वर्तमानपत्राचा बोळा बसत नाही. माणसाची हयगय या गणितात धरलेली नसते. ती तपासणीनं निपटली जाईल असं गृहीत असतं.

आणि कारखान्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते, जी पारंपरिक बांधकामात होत नाही. शंभर गवंड्यांनी शंभर घरं बांधली तर चुका शंभर प्रकारच्या होतील. दहा घरं कच्ची निघतील, नव्वद टिकतील. एका नकाशावरून शंभर घरं निघाली आणि त्या नकाशातला सांधाच कच्चा असला, तर शंभरच्या शंभर घरं एकाच झटक्यात परीक्षेला बसतात. संभाव्यतेच्या भाषेत, चुका एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. कारखान्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे एकसारखेपणा, आणि त्याचा सगळ्यात मोठा धोकाही तोच.

याची दोन उदाहरणं आहेत. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात स्पिताकचा भूकंप झाला. सुमारे २५,००० माणसं गेली. लेनिनाकान शहरात, ज्याला आता ग्युमरी म्हणतात, नऊ मजली प्रीकास्ट सांगाड्याच्या १३३ इमारती होत्या. नकाशा तोच, कारखाना तोच. ७२ कोसळल्या आणि उरलेल्यांतल्या बहुतेक पाडाव्या लागल्या. त्याच शहरात मोठ्या पॅनेलांच्या प्रीकास्ट इमारती होत्या, त्यांतली एकही कोसळली नाही. मात्र सगळं माप सांध्यांच्या पदरात घालणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. त्या शहराखालची जमीन खोलवर मऊ आहे, तिनं सावकाश डुलणाऱ्या नऊ मजली सांगाड्यांना जास्त हलवलं आणि ताठ पॅनेलांच्या इमारतींना त्या मानानं कमी. पण सांगाड्यात कॉलमला कॉलम जोडणाऱ्या वेल्डिंगच्या जागा आणि एकमेकांशी न बांधलेली मजल्यांच्या स्लॅबची पोकळ पॅनेलं ही त्यांची मोडण्याची ठिकाणं होती, याबद्दल वाद नाही.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. गुजरातमध्ये प्राथमिक शाळांच्या वर्गखोल्यांची टंचाई होती म्हणून भूकंपाच्या थोडंच आधी प्रीकास्ट पॅनेलांच्या एकमजली शाळा झपाट्यानं उभ्या केल्या गेल्या. २६ जानेवारी २००१ ला सकाळी भूजचा भूकंप झाला. कच्छमधल्या या नव्या कोऱ्या शाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पडल्या. छताच्या फळ्या आधारावर टेकवलेल्या होत्या. त्या एकमेकींना आणि खालच्या भिंतींना पुरेशा बांधलेल्या नव्हत्या. जमीन हलली, आधार सरकला, फळी खाली. प्रजासत्ताक दिन होता, नेहमीचे वर्ग भरलेले नव्हते. यापुढे मी काही बोलत नाही.

याचा अर्थ साइटवरचं दगडमातीचं बांधकाम बरं, असा कोणी काढू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. तिथल्या जाड भिंती दोन पदरी होत्या. बाहेरचा पदर आणि आतला पदर, मध्ये माती आणि दगडगोटे. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. भिंत हलली तशी ती दोन भागांत फुटली आणि माळवदाचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. तिथंही सांधाच गेला, फक्त तो कारखान्यात नव्हता.

मॉड्युलर खोल्यांच्या इमारतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, तो का ते सांगतो. चार खोल्या शेजारी, त्यांच्यावर चार. एका बिंदूपाशी आठ कोपरे भेटतात. प्रत्येक खोलीला तिचे स्वतःचे कॉलम आणि बीम असतात, म्हणून साध्या इमारतीत जिथं एक कॉलम असतो तिथं इथं चार. हे चारही एकत्र वागले तर उत्तम. पण ते एकत्र वागतील की आपापले डुलतील, हे त्या बिंदूवरच्या पट्ट्या आणि बोल्ट ठरवतात. आता क्रेनवाला खोली खाली सोडतो, ती शेजारच्या खोलीला चिकटते, आणि त्याच क्षणी मधल्या कोपऱ्यावरचा बोल्ट कायमचा हाताबाहेर जातो. तो नीट आवळला गेला का, तिथलं ग्राउट, म्हणजे सांध्यात ओतायचा मसाला, पुरतं भरलं का, हे नंतर बघायला कोणीच पोहोचू शकत नाही. त्यात मापांची चूक साठत जाते. एका खोलीत दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. तेच ३० मजले एकाच दिशेला साठलं तर वरचा बोल्ट खालच्या भोकात जाणारच नाही, आणि साइटवरचा माणूस अशा वेळी काय करतो ते आपण जाणतो: भोक मोठं करतो. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला ३२ मजली, ९३० मॉड्यूलची इमारत २०१२ च्या अखेरीस सुरू झाली. दोन वर्षांत व्हायची ती २०१६ मध्ये झाली. खोल्या ओळंब्यात बसेनात, पाणी आत आलं, आणि विकासक व बांधणारे कोर्टात गेले. एकाचं म्हणणं काम वाईट, दुसऱ्याचं म्हणणं डिझाइनच वाईट. इमारत आज उभी आहे, लोक राहतात. पण सांधा कोणाचा हा प्रश्न तिथंही वकिलांनाच विचारावा लागला.

आगीचं थोडक्यात. दोन खोल्यांच्या भिंतींमध्ये आणि खालच्या छत व वरच्या जमिनीमध्ये फट राहते. ती योग्य अंतरावर बंद केली नाही, तर आग कोणाला न दिसता त्या फटीतून वर चढते, आणि अग्निशमन दलाला ती कुठून कुठे गेली ते कळत नाही. फट बंद करणारी पट्टीही साइटवर, घाईच्या शेवटच्या दिवसांतच बसते.

जपानची साक्ष मात्र वेगळी आहे. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत ६,४०० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बहुतेक जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांखाली. कारखान्यात बनलेली पोलादी आणि लाकडी घरं त्या मानानं फार चांगली टिकली. यातलं काही श्रेय १९८१ च्या नव्या भूकंप नियमांचं आहे, कारण ही घरं बहुतेक त्यानंतरची होती. पण जपानी घर-कंपन्यांची एक सवय मला महत्त्वाची वाटते: घर बनवणारी आणि ते जागेवर बसवणारी माणसं शक्यतो एकाच जबाबदारीखाली असतात. सांध्याला मालक असतो. तरीही ही सगळी दोन-तीन मजली घरं आहेत. तीस-चाळीस मजली मॉड्युलर इमारतींनी खरा मोठा भूकंप पाहिल्याचा अनुभव जगाकडे जवळजवळ नाही. प्रयोगशाळेत सांध्यावर उलटसुलट जोर लावून केलेल्या चाचण्या आहेत, संगणकातले नमुने आहेत. ते उपयोगी आहेत. त्यांना अनुभव म्हणू नये एवढंच.

आता सावरण्याबद्दल. २००३ मध्ये मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा आलेख मांडला. धक्का बसला की इमारतीची उपयुक्तता शंभरावरून खाली पडते आणि मग दुरुस्तीबरोबर हळूहळू वर येते. मधे जो त्रिकोण उरतो, तो जितका लहान तितकी इमारत सावरणारी. जीव वाचवणं ही फक्त पहिली पायरी. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चला फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर हे फार महागात कळलं. अनेक इमारतींनी नियमाप्रमाणे काम केलं, आतली माणसं चालत बाहेर आली. पण त्या इमारती नंतर पाडाव्या लागल्या, आणि बंद केलेल्या मध्यभागावरचा शेवटचा पहारा उठायला जून २०१३ उजाडला.

इथं मॉड्युलर बांधकामाच्या बाजूनं बोलायला जागा आहे. २०११ मध्येच जपानच्या ओनागावात त्सुनामीनंतर सपाट जमीनच उरली नव्हती, तेव्हा शिगेरू बान यांनी बेसबॉलच्या मैदानावर कंटेनर तीन मजले रचून १८९ घरं केली. बेघर माणसाच्या त्रिकोणातले काही महिने त्यानं कापले. पण मोडलेली खोली बदलून नवी बसवता येईल, हे जे विकताना सांगतात त्यावर मी भरवसा ठेवत नाही. टोकियोचा नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ चा, किशो कुरोकावांचा. १४० खोल्या, प्रत्येक चार बोल्टवर टांगलेली, २५ वर्षांनी बदलायची अशी कल्पना. ५० वर्षांत एकही बदलली नाही. एक काढायची तर वरची आधी हलवायला हवी, आणि प्रत्येक खोलीचा मालक वेगळा. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत बसलेल्या कोणालाही हे कसं घडलं असेल ते समजेल. २०२२ मध्ये इमारत उतरवली.

आपल्या राज्यात हे बांधकाम वाढणारच आहे, आणि वाढावं. घरांची निकड आहे, गवंडी मिळत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आलं तेव्हा रायगडात उडाले ते मुख्यतः पत्रे, म्हणजे हूक आणि स्क्रू यांचा सांधा. आज गावोगाव पोर्टा केबिनमध्ये चौकी, दवाखाना, शाळेचा जादा वर्ग चालतो. तो जमिनीला किती आणि कसल्या बोल्टनं बांधलाय, हे ग्रामपंचायतीनं विचारावं. मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग संहितेत सेकंदाला ४४ मीटर आहे. केबिन विकणाऱ्याला त्याचा हिशेब दाखवायला सांगावं, तो दाखवता आला नाही तर केबिन घेऊ नये.

मोठ्या इमारतींसाठी मी एकच गोष्ट मागतो. कारखान्यातल्या तपासणीचा दाखला हवाच, पण सांध्याचा वेगळा दाखला हवा: शेजारची खोली बसण्याआधी काढलेला प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, बोल्ट किती आवळला त्याची नोंद, ग्राउटच्या क्यूबचे निकाल, आणि बांधणाऱ्याच्या पगारावर नसलेल्या अभियंत्याची सही. ठरावीक प्रमाणात सांधे उघडून पाहिले जावेत, आणि कुठला उघडायचा ते त्या अभियंत्यानं ऐनवेळी ठरवावं. ही कागदपत्रं इमारत सोपवताना सोसायटीला मिळावीत, म्हणजे वीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याला भिंत फोडून अंदाज बांधावा लागणार नाही. याला पैसे पडतील आणि वेळही जाईल. ९६ दिवसांची इमारत ११० दिवसांत होईल. ठेकेदार म्हणतील करारात बसत नाही. तर तो करार करतानाच हे १४ दिवस त्यात लिहावेत, आणि त्यांचे पैसे घर घेणाऱ्याकडून नाही तर काम काढणाऱ्या संस्थेकडून घ्यावेत.